गावच्या फाट्यापासून क्वालालंपूरपर्यंत: पहिल्या परदेश प्रवासाची आखणी

आमच्या गावाहून नागपूरला जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी सव्वापाचला निघते. परदेश प्रवासाची माहिती देणारे बहुतेक लेख मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावरून सुरू होतात, त्यामुळे या सव्वापाचच्या गाडीचा विचार त्यात नसतो. आर्णी, वरोरा, समुद्रपूर, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतल्या माणसाची सहल अडते ती बहुधा याच पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरमध्ये, नाहीतर त्याच्याही आधी, कागदपत्रांत. विमानात बसल्यावर आणि तिकडच्या शहरात उतरल्यावर पुढचं सगळं वाटतं त्यापेक्षा सोपं असतं. एसटी आणि रेल्वेनं आयुष्यभर फिरलेल्या माणसाला तर फारच सोपं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी, बायको आणि माझी त्रेसष्ट वर्षांची आई, असे तिघं चार रात्रींसाठी क्वालालंपूरला जाऊन आलो. टूर कंपनी नाही, सोबत गाइड नाही. तेव्हापासून गावातले आणि सोयऱ्यांतले लोक विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. शेतकरी घराला फेब्रुवारी-मार्च सोयीचा पडतो. तूर घरात आलेली असते, कापसाचे बहुतेक वेचे झालेले असतात आणि पेरणीला वेळ असतो.

मलेशियाच का

नागपूरहून थेट जाणारी परदेशी विमानं आजवर बहुतेक आखाताकडची राहिली आहेत, शारजा आणि दोहा. पण अमिरातीत जायला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागतो. सिंगापूरलाही लागतो. मलेशियानं 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि ती 31 डिसेंबर 2026 पर्यंत जाहीर केली आहे. अशा सवलती वाढतातही आणि थांबतातही. म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी मलेशियाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम स्वतः वाचा. कुणाच्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नका, माझ्या या लेखावरही नाही.

दुसरं कारण म्हणजे तिथली रेल्वे. विमानतळापासून शहर, शहरापासून बाहेरगाव, सगळं रेल्वे आणि बसनं जोडलेलं आहे. पाट्या रोमन लिपीत आहेत, तमिळ बोलणारी मोठी वस्ती आहे, वरण-भातासारखं जेवण मिळतं आणि इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी काम भागतं.

पासपोर्ट: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एम-पासपोर्ट सेवा ॲपवर भरायचा. प्रौढांच्या 36 पानी, दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे. साठीपुढच्यांना पहिल्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. विदर्भाचे अकराही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पण प्रत्येक वेळी नागपूरच गाठावं लागतं असं नाही, काही ठिकाणी पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज भरताना जवळचं कुठलं मिळतं ते बघा.

खरी अडचण नावाची. आपल्याकडं एकाच माणसाची तीन-तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर शांता, आधारवर शांताबाई, बँकेत शांताबाई आणि पुढं नवऱ्याचं नाव. पुरुषांच्या नावामागं कुठं राव लागतो, कुठं नाही. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच. माझ्या आईच्या कागदांत ‘बाई’ होतं आणि नव्हतंही, आणि ते निस्तरण्यात आमचे दोन महिने गेले. म्हणून क्रम असा ठेवा: पासपोर्टवर कोणतं नाव हवं ते ठरवा, आधी आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग पॅन आणि बँक, आणि शेवटी पासपोर्टचा अर्ज. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना जन्मदाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन असे इतर पुरावे चालतात.

अर्जात नावाचे दोन रकाने असतात. ‘सरनेम’मध्ये फक्त आडनाव लिहायचं. ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. विमानाचं तिकीट काढताना हेच दोन रकाने पुन्हा समोर येतात. तिथं पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर तसंच टाका. तिकिटावर पाळण्यातलं नाव आणि पासपोर्टवर कागदोपत्री नाव असेल तर काउंटरवर अडवतात, आणि नाव बदलायचे वेगळे पैसे पडतात.

पोलीस पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येईल. अर्जावरच्या पत्त्यावर राहत असल्याचे कागद तयार ठेवा. शेतात असाल आणि फोन लागला नाही तर प्रकरण मागं पडतं, त्यामुळे अर्ज दिल्यावर काही आठवडे फोन चालू ठेवा.

दहावी न झालेल्यांसाठी

हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. जो दहावी पास नाही आणि ज्याचं वय पन्नासच्या आत आहे, त्याच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ असा उल्लेख येतो. त्याचा अर्थ, ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारची वेगळी परवानगी लागते. मलेशिया आणि थायलंड दोन्ही त्या यादीत आहेत. फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. पण विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी अशा प्रवाशाला दोन प्रश्न जास्त विचारतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाची सोय कागदावर दाखवता आली पाहिजे. माझ्या साळ्याला असे प्रश्न विचारले होते. त्यानं कागद पुढं केले आणि पाच मिनिटांत सुटला. नियमित आयकर भरत असाल तर दहावी नसतानाही हा शिक्का टाळता येतो, त्याचे पुरावे अर्जासोबत जोडा.

आणि याच जागी एक कळकळीची गोष्ट. ‘टुरिस्ट म्हणून चल, तिथं गेल्यावर कामाला लावून देतो’ असं कुणी म्हटलं तर त्याच्यासोबत जाऊ नका. पर्यटक म्हणून शिरून काम करणं हा तिथं गुन्हा आहे. कोठडी होते, दंड होतो, पासपोर्ट दलालाच्या हातात राहतो आणि घरचे इकडं शेत गहाण टाकून पैसे पाठवत बसतात. कामाला जायचं असेल तर सरकारकडं नोंदलेल्या एजंटामार्फत, कामाच्या व्हिसावरच जा.

पासपोर्ट हातात आला की त्याची मुदत बघा. मलेशियात उतरायच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी. नव्या पासपोर्टचा प्रश्न नाही, पण कुणी आठ-नऊ वर्षांपूर्वी हज किंवा नोकरीसाठी काढून ठेवलेला असतो, तो तपासा.

उलटा हिशोब

आता आखणी. विमान सुटायची वेळ कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून वर, गावच्या फाट्यापर्यंत चढत या.

नागपूरहून क्वालालंपूरला जायचे रस्ते अनेक आहेत. मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कुठूनही विमान बदलता येतं. नागपूरपासून शेवटपर्यंत एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर मिळालं तर चार पैसे जास्त पडले तरी घ्या. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर असतं. दोन वेगळी तिकिटं काढली तर चुकलेलं विमान तुमचं. मुंबईहून जाणार असाल तर नागपूरचं विमान तिथं कोणत्या टर्मिनलला उतरतं ते तिकिटावर बघा. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनवरून सुटतात. टर्मिनल एकला उतरलात तर रस्त्यानं दुसरीकडं जावं लागतं आणि मुंबईच्या गर्दीत त्याला वेळ लागतो.

आम्ही मात्र चेन्नईचा रस्ता धरला, आणि वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडच्या लोकांना मी तोच सुचवीन. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्ग आपल्या दारातून जातो. नागपूर किंवा बल्लारशाहला गाडीत बसलं की साधारण एक रात्र काढून चेन्नई येते. चेन्नई सेंट्रल स्टेशनाला लागूनच जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे आणि तीच मेट्रो थेट विमानतळाला जाते. टॅक्सी नको, भाव करणं नको. तिथून क्वालालंपूर चार तासांच्या आसपास.

आमचा हिशोब असा होता. विमान रात्री साडेअकराला. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे साडेआठ. सेंट्रलहून मेट्रोला पाऊण तास आणि चुकामुकीला पाऊण तास, म्हणजे सातला सेंट्रल सोडायचं. गाडी त्याच दिवशी सकाळी पोचणारी धरली. मध्ये अख्खा दिवस मोकळा राहतो, पण तोच आपला विमा आहे. आमची गाडी चार तास उशिरा पोचली आणि तरी कुणाच्या जिवाला घोर लागला नाही. स्टेशनच्या विश्रामगृहात आंघोळी केल्या, जेवलो, आईनं झोप काढली.

गाडी नागपूरहून सकाळी होती. म्हणजे गावाहून त्याच दिवशी निघणं अशक्य. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं नागपूर गाठलं आणि मावशीकडं मुक्काम केला. सव्वापाचची शेवटची गाडी मुद्दाम धरली नाही. शेवटच्या गाडीवर कधीच हिशोब बसवू नका. ती बिघडली किंवा रद्द झाली तर मागं दुसरी नसते. शेवटच्या आधीची पकडायची. परतीच्या वाटेलाही हाच नियम.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट आधी काढून ठेवा आणि साठाव्या दिवशी सकाळी आठला रेल्वेचं काढा. वेटिंगच्या तिकिटावर परदेशाचं विमान गाठायला निघू नका.

नागपुरात एक दिवसाचा सराव

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. जायच्या महिनाभर आधी घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूर मेट्रोत एक दिवस घालवा.

आई आयुष्यात सरकत्या जिन्यावर चढली नव्हती. पहिल्या पायरीपाशी थबकली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “पोरा, हे थांबत नाही का रे?” मागं गर्दी नव्हती, घाई नव्हती. तिसऱ्या खेपेला ती एकटी चढली. साडीचा काठ उचलून धरायचा, नजर पायाकडं न ठेवता समोर ठेवायची, उतरताना पाऊल मोकळेपणानं पुढं टाकायचं, हे सगळं तिनं सीताबर्डीला शिकून घेतलं. क्वालालंपूरच्या स्टेशनावर सकाळच्या गर्दीत ते शिकवता आलं नसतं.

सीताबर्डीलाच ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात. खापरीकडून या, सीताबर्डीला उतरा, पाटी बघत वेगळ्या मजल्यावरची ॲक्वाची गाडी शोधा आणि लोकमान्य नगरच्या बाजूला जा. मग उलट या. मार्गिकेचा रंग बघायचा, गाडी कुठल्या टोकाला जाते ते शेवटच्या स्टेशनाच्या नावावरून ओळखायचं, कार्ड टेकवून आत जायचं आणि बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. जगातली कुठलीही मेट्रो याच चार गोष्टींवर चालते. एकेकाला पुढं करा आणि ‘आता तू आम्हाला ने’ म्हणा. माझी बायको त्या दिवसानंतर नकाशा वाचण्यात माझ्यापेक्षा तरबेज झाली आणि तिकडं सगळे प्रवास तिनंच ठरवले.

एक गोष्ट घरात पक्की करा: कुणी गाडीत चढायचं राहिलं तर पुढं गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनावर उतरून थांबायचं आणि मागं राहिलेल्यानं पुढची गाडी धरून तिथं यायचं. आईच्या पिशवीत हॉटेलचं नाव, पत्ता आणि आमचे फोन नंबर लिहिलेला कागद कायम होता.

पैसे, फोन आणि बॅग

मलेशियाचं चलन रिंगिट. एक रिंगिट साधारण वीस ते तेवीस रुपयांच्या घरात धरून हिशोब करा. थोडे रिंगिट नागपुरातल्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून घ्या. पासपोर्ट आणि तिकीट दाखवावं लागतं. विमानतळावर भाव महाग पडतो. एक डेबिट कार्ड सोबत हवं, पण ते परदेशात चालतं का हे बँकेत विचारून घ्या. सहकारी बँकेचं रुपे कार्ड फक्त देशातच चालणारं असू शकतं. आणि चालणारं कार्ड असलं तरी आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. माझं कार्ड पहिल्याच एटीएमनं नाकारलं ते याच कारणानं. सुरू करायला ओटीपी लागला आणि भारतातलं सिम रोमिंगवर नव्हतं. रोख होती म्हणून निभावलं. तुम्ही भारतातलं सिम निदान एसएमएस येतील इतपत रोमिंगवर ठेवा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. इंटरनेटसाठी तिथं विमानतळावरच पर्यटकांचं सिम मिळतं. ग्रॅब नावाचं टॅक्सीचं ॲप मात्र घरूनच टाकून, नंबर पडताळून ठेवा. रात्री-बेरात्री किंवा म्हातारं माणूस थकलं तर कामी येतं.

मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा. भरल्यावर आलेला कागद छापून घ्या. परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि प्रवास विमाही छापून घ्या. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

स्वस्त विमान कंपन्यांत हातातल्या बॅगेला बहुधा सात किलोचीच मुभा असते. घरीच वजन करा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत घट्ट बांधून द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इन बॅगेत चालत नाहीत, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. खर्रा घरीच ठेवा. चुना आणि तंबाखूची पुडी कस्टमच्या माणसाला समजावत बसण्यात काही अर्थ नाही, आणि रस्त्यावर थुंकलं तर दंड आहे. सिंगापुरात तर खाण्याचा तंबाखू आणणंच बेकायदा आहे. कुणी दुबई-शारजाला जाणार असेल तर सावजी मसाल्याकडं लक्ष द्या. त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, पकडले गेलेले लोक तुरुंगात गेले आहेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटातच न्या. आणि विमानतळावर कुणी कितीही गयावया केली तरी दुसऱ्याची पिशवी हातात घेऊ नका. अमली पदार्थांच्या बाबतीत मलेशियाचे कायदे अतिशय कडक आहेत.

उतरल्यावर

घड्याळ अडीच तास पुढं करा. आम्ही सकाळी सहाच्या सुमारास उतरलो. इमिग्रेशनच्या रांगेत विचारलं, किती दिवस, कुठं राहणार. कागद दाखवले, शिक्का मिळाला.

विमानतळ शहरापासून नागपूर-भंडारा असावं तितक्या अंतरावर आहे. शहरातलं मुख्य स्टेशन केएल सेंट्रल. तिथं न थांबता जाणारी केएलआयए एक्स्प्रेस ही रेल्वे पहिल्या टर्मिनलवरून 28 मिनिटांत पोचवते, पण माणशी 55 रिंगिट घेते. बस तासभर घेते आणि त्याच्या चौथाईच्या आसपास पैशांत नेते. आम्ही तिघं होतो, घाई नव्हती, बसनं गेलो. फरकाच्या पैशांत तिघांचं दोन दिवसांचं जेवण झालं. एकटे असाल आणि पुढं काही गाठायचं असेल तर रेल्वे घ्या.

हॉटेल केएल सेंट्रलच्या आसपास, ब्रिकफील्ड्स भागात घ्या. सगळ्या मार्गिका तिथून मिळतात. शिवाय ही जुनी भारतीय वस्ती, सकाळी इडली आणि दुपारी केळीच्या पानावर भात मिळतो. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, पण सामान ठेवून घेतात. परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागं रोज दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात. तो बुकिंगच्या रकमेत नसतो, म्हणून काउंटरवर वाद घालू नका.

शाकाहारी असाल तर ‘सायुर’ म्हणजे भाजी हा शब्द लक्षात ठेवा. मात्र भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नाही. तिथल्या बऱ्याच चटण्यांत बेलाचान, म्हणजे सुक्या झिंग्यांचा लगदा असतो. आई माळकरी आहे, त्यामुळे आम्ही दक्षिण भारतीय शुद्ध शाकाहारी खानावळींतच जेवलो. रोटी चनाय म्हणजे आपल्या पराठ्याची थोरली बहीण, ती आणि ओढून फेसाळ केलेला चहा, तेह तारिक, आईला एवढा आवडला की ती रोज मागायची.

स्टेशनावर ‘टच अँड गो’ नावाचं कार्ड घ्या, माणशी एक. एलआरटी आणि एमआरटी या तिथल्या मेट्रो, मोनोरेल, केटीएम म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेच्या लोकल आणि शहरातल्या बस, सगळीकडं तेच टेकवायचं. कार्ड नसेल तर यंत्रातून निळं प्लास्टिकचं टोकन मिळतं. ‘मासुक’ म्हणजे आत, ‘केलुआर’ म्हणजे बाहेर, ‘तांदास’ म्हणजे संडास. या तीन शब्दांवर बरंच निभतं. केटीएमच्या लोकलमध्ये मधले गुलाबी खुणेचे डबे फक्त बायकांसाठी असतात, पुरुषांनी चुकून शिरू नये.

चार दिवस कसे घालवले

पहिला दिवस झोप आणि संध्याकाळी केएलसीसी. केलाना जया मार्गिकेनं केएल सेंट्रलहून थेट जाता येतं. स्टेशनातून वर आलं की समोर पेट्रोनास मनोरे, 452 मीटर उंच, 88 मजल्यांचे. वर चढायचं तिकीट महाग आहे. खालच्या बागेत बसून दिवे लागताना बघणं आम्हाला पुरलं.

दुसऱ्या दिवशी बटू लेणी. केएल सेंट्रलहून केटीएमची लोकल थेट बटू केव्हज स्टेशनापर्यंत जाते, भाडं अडीच रिंगिटच्या आसपास. डोंगराच्या पायथ्याशी मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, 42.7 मीटर उंच सोनेरी मूर्ती आणि वर चढायला 272 पायऱ्या. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर ऊन चढतं. गुडघेदुखी असलेल्यांनी खालच्या मंदिरांत थांबावं. माकडं पिशवी ओढतात, हातात खाऊ धरू नका. थैपूसमच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, इथं लाखोंची गर्दी असते. ती बघायचीच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर तारीख बघून जा. परतताना केएल सेंट्रलला गाडी बदलून एलआरटीनं मस्जिद जामेक स्टेशनावर जा. क्लांग आणि गोंबाक या नद्यांचा संगम तिथं आहे आणि ‘क्वालालंपूर’ म्हणजे गढूळ पाण्याचा संगम. शहर इथूनच वाढलं. दोन मार्गिका बदलायचं हे ठिकाण, आमच्यासाठी तिथलं सीताबर्डी.

तिसरा दिवस मलाक्का, आणि हा माझ्या मते सहलीतला सर्वात चांगला दिवस. बंदर तासिक सेलातान स्टेशनाला लागून टीबीएस नावाचं बसस्थानक आहे. विमानतळासारखे फलक, फलाट क्रमांक, वेळेवर गाड्या. तिकिटावर पासपोर्टावरचं नाव लागतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. सुमारे दोन तासांत मलाक्का सेंट्रल येतं आणि तिथून शहर बस जुन्या गावात, लाल इमारतींच्या चौकात सोडते. गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कनं लगेच पुढच्या वर्षी, 1511 मध्ये, हे बंदर जिंकलं. त्याच्या किल्ल्याचं एक दार अजून उभं आहे. नंतर डच आले, त्यांनी 1650 च्या सुमारास ती लाल कचेरी बांधली. 2008 पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. परतीच्या बसचं तिकीट पोचल्याबरोबर काढून ठेवा. शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात.

चौथा दिवस मोकळा ठेवा. पाऊस दुपारी कधीही येतो आणि तासभर झोडपून जातो. बाजार, मोनोरेलची एक फेरी, आणि दुपारची झोप. म्हातारं माणूस सोबत असेल तर दिवसाला एकच मोठी जागा, हे आधीच ठरवून घ्या.

परतताना

विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे ते आदल्या रात्री बघा. दोन टर्मिनल आहेत आणि स्वस्त विमानं बरीचशी दुसऱ्यावरून सुटतात. चुकून पहिल्यावर उतरलात तर घाबरू नका, दोन्हींच्या मध्ये रेल्वे आहे, तीन मिनिटं लागतात. पण सामान तपासणीचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, हे ध्यानात ठेवून निघा.

चेन्नईला उतरल्यावर नागपूरची गाडी किमान सहा तासांनंतरची धरा. नागपुरात सकाळी पोचणारी गाडी मिळाली तर उत्तम, गावाकडच्या दोन-तीन एसटी हाताशी राहतात.

टच अँड गो कार्डात उरलेले पैसे परत मिळवायची खटपट करू नका. कार्ड सांभाळून आणा. आमची तीन कार्डं सध्या शेजारच्या गावच्या एका कुटुंबाकडं आहेत, ते मार्चमध्ये निघतायत.